उजव्या खांद्यावरचा पदर

माझ्या बायकोला मी सहा वर्षं सिनेमा पडद्याच्या मागच्या बाजूनं दाखवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं लिहिताना मी स्वतःला वाचवायला पाहीन, आणि ते मला करायचं नाही. ती जाऊन चार महिने झाले. आता वाचवून करायचं काय?

मी चौथीपर्यंत शिकलो. पावसाळ्यात लोकांच्या शेतात कामाला जायचो, आणि कापूस घरात आला की टूरिंग टॉकीजवर. बोरी अरबच्या बाजाराच्या मैदानात तंबू लागायचा, तो होळीपर्यंत. दिवसा छकड्यावर बसून पत्र्याचा भोंगा तोंडाला लावायचा आणि गावोगाव आजचा खेळ कोणता ते ओरडायचं. दिवे लागायच्या वेळी गेटावर उभं राहून तिकिटं फाडायची. एवढं माझं काम. आमचं गाव बोरीहून कोसभर, म्हणून वस्तीतले लोक पायीच खेळाला येत.

तंबूच्या मधोमध पांढरा कपडा ताणलेला असे. समोर जमिनीवर पुरुष, आणि एका बाजूला कनात लावून बायांची जागा. कपड्याच्या मागंही रिकामी जागा होती. तिथूनही चित्र दिसायचं, पण मंद. खेळाआधी कपड्यावर पाणी मारलं की मागून जरा उजळ दिसे. मागं सहसा कोणी बसत नसे. माझी बायको आणि वस्तीतल्या सात-आठ बाया बसत. त्यांना तिथं मी बसवलं होतं.

छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. मीही घेतली. घरातले देव नदीत सोडले, मेलेलं ढोर ओढणं सोडलं, भ्याव तेवढं सोडलं नाही. वस्तीतले तरुण छाती काढून तंबूत समोर बसत, त्यांना कोणी उठवलं नव्हतं. पण कनातीत शेतवाल्यांच्या घरच्या बाया असत. माझी बायको तिथं जाऊन बसली आणि त्यातली एक जरी उठून गेली, तर मालक मला काढील, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मालकानं तसं कधी म्हटलं नव्हतं. तो बुऱ्हाणपूरकडचा, हिंदी बोलणारा माणूस. त्याला तिकिटाशी मतलब. गावातही कोणी म्हटलं नव्हतं. कोणी काही म्हणायच्या आधीच मी आपल्या हातानं बायकोला मागं नेऊन बसवलं आणि वर सांगितलं, "ही तुमची खास जागा हाय. गर्दी नाही, हवा लागते, अन् तिकीटही नाही."

तिला ते खरं वाटलं. वस्तीत सांगत फिरली, "आमच्या यायनं मालकाले बोलून जागा घेतली." ती यायची त्या दिवशी मी कपड्यावर दोन बादल्या पाणी जास्त मारायचो. तेवढंच मला जमत होतं.

मागून पाहिलं की सगळं उलटं दिसतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. तिला अक्षर येत नव्हतं, नाहीतर पहिल्याच दिवशी पडद्यावरची अक्षरं उलटी पाहून तिनं मला धरलं असतं. त्या बायांतल्या एकीलाही अक्षर येत नव्हतं. त्यांनी सिनेमावरून आपापले अंदाज काढले होते. मुंबईचे लोक डाव्या हातानं जेवतात. मुंबईच्या बाया पदर उजव्या खांद्यावर घेतात. यावर आमच्या अंगणात बसून त्या बोलायच्या. "डाव्या हातानं जेवतात, मंग धुतात कोण्या हातानं?" असं एक म्हणायची आणि सगळ्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मी ओसरीत विडी ओढत ऐकायचो. एकदाही म्हटलं नाही की बायांनो, तसं नाही ते.

मुंबईला तिचा मोठा भाऊ होता. सिनेमाच्या एका स्टुडिओत तो ओझी उचलायचा. दिवे, खोटी झाडं, लाकडी जिने, जे सांगतील ते. परळला एका खोलीत आणखी चार जणांसोबत राहायचा, कुटुंब गावाकडं. डिसेंबरात आमचे लोक दादरला जातात, तसे एका वर्षी आम्हीही निघालो. दारव्ह्याहून छोटी गाडी मूर्तिजापूरपर्यंत, तिथून मोठी. दादरचा दिवस झाल्यावर भाऊ म्हणाला, "उद्या मी खाडा करतो. बाईले सिनेमाच्या जागा दाखवतो."

ती रात्रभर गप्प बसली नाही, असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. ती गप्प होती. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी उठली.

भावानं तिला पाचवारी साडी घेऊन ठेवली होती, निळी, पांढऱ्या बुंदक्यांची. आयुष्यभर लुगडं नेसलेली बाई. पण पाचवारी कशी नेसायची हे तिनं सिनेमात पाहून ठेवलं होतं. पुरुष बाहेर नळावर गेले होते. मी खोलीच्या दारात उभा होतो. तिनं निऱ्या खोचल्या त्या उलट्या बाजूला, आणि पदर उजव्या खांद्यावर टाकला. दारव्ह्याची मास्तरीण डाव्या खांद्यावर घ्यायची, ते तिनं पाहिलं होतं. पण तिचं म्हणणं, मास्तरीण दारव्ह्याची, तिला मुंबईचं काय ठाऊक?

"कशी दिसते?" तिनं विचारलं.

मी सांगू शकत होतो. दोन मिनिटांचं काम होतं. पण पदर चुकला म्हटलं असतं तर काहून चुकला तेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "चांगली दिसते."

नळावरच्या दोन बाया तिच्याकडे पाहून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. भाऊ जिन्यात भेटला, तर मोठ्यानं हसला.

"काय वो बाई, रातोरात गुजरातीण झाली का तू?"

"तुले काय समजते भाऊ. सिनेमातल्या बाया असाच घेतात. तू तं तिथंच कामाले हायेस, अन् मलेच विचारून राह्यला?"

"मी दिवे उचलतो वो. बायायचे पदर पाहत बसलो तं दिवा डोक्यावर पडंन."

तीही हसली. विषय तिथं मिटला. मला बरं वाटलं.

आधी बसनं आम्ही टेकडीवरच्या बागेत गेलो, हँगिंग गार्डनला. तिथं झुडपं कापून हत्ती, जिराफ केलेले होते. भाऊ आपलं घर दाखवावं तसा दाखवत होता. "हे पाह्य, ह्या झाडामागून हिरो निघते. अन् इथं हिरोईन पळत येते, अन् इथं पडते."

बायको त्या झाडामागं जाऊन पाहून आली. "एवढंसंच झाड? सिनेमात तं जंगल दिसते."

"जंगल तीन झाडायचं राह्यते बाई. बाकीचं मी खांद्यावर वाहून आणतो."

"म्हणजे तुह्या जीवावर हे लोक प्रेम करून राह्यले म्हण नं!"

भाऊ इतका हसला की माळी पाहायला लागला. अशी होती ती. घरात कमी बोलायची; माहेरचं माणूस भेटलं की तिची जीभ सुटायची. कठड्यापाशी एक बाक होता, खाली समुद्र. तिथं ती थांबली आणि म्हणाली, "हा बाक त्या बाजूले पाह्यजे होता."

"उचलून ठेवला असंन कोणं," भाऊ म्हणाला.

मी म्हटलं, "चला, ऊन वाढून राह्यलं."

टेकडी उतरून गिरगावात एका खानावळीत जेवलो. ती घास हातात धरून लोकांकडे पाहत बसली. मग माझ्या कानाशी आली. "आवो, हे तं समदे उजव्या हातानं जेवून राह्यले."

"आपल्यासारखेच खेड्यातून आलेले असतील," मी म्हटलं. "जेव चुपचाप."

तिनं मान हलवली. तेही तिला पटलं. माझ्यावर तिचा विश्वास होता, हे मी दरवेळी लिहिणार नाही; वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

तिला खरं पाहायचं होतं ते अपोलो बंदर. एका सिनेमात एक बाई तिथल्या कठड्यावर बसून नवऱ्याच्या बोटीची वाट पाहते. वर्षामागून वर्षं जातात, केस पांढरे होतात, बाई तिथंच. आमच्या तंबूत तो खेळ चार दिवस चालला आणि माझी बायको चारही दिवस आली. ती बाई बसते तिथं पाच मिनिटं बसायचं, हीच तिची मुंबई. बाकी काही नाही पाहिलं तरी चाललं असतं. गाडीत बसल्यापासून तिनं मला तीनदा विचारलं होतं, ती जागा खरंच आहे ना म्हणून.

दुपारी ट्रामनं तिकडं गेलो आणि पुढं चाललो. मोठी कमान, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, मागं मोठ्या हॉटेलचा घुमट, समोर बोटी. तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, देवळात शिरावं तशा. देव सोडून आम्हाला किती वर्षं झाली होती, तरी तिनं काढल्या. मग ती जागा शोधायला लागली.

ती कमानीच्या या अंगाला उभी राहिली, मान वाकडी केली, नाही म्हणाली. त्या अंगाला गेली. पायऱ्या दोन उतरून मागं वळून पाहिलं. पुन्हा वर आली. कठड्यानं पार टोकापर्यंत गेली आणि उलटी चालत परत आली. कमान जुळली की घुमट चुकायचा, घुमट जुळला की पायऱ्या चुकायच्या. भर उन्हात ती चारी बाजूंनी फिरत होती आणि मला ठाऊक होतं की ती जागा तिला मिळणारच नाही, संध्याकाळपर्यंत फिरली तरी. तिच्या मनातलं बंदर जगात कुठंच नव्हतं. मी चणे खात उभा होतो.

"इथं नाई झाला तो सिनेमा," ती घामाघूम होऊन म्हणाली. "दुसरं बंदर असंन."

"दुसरं कुठून आणू बाई?" भाऊ म्हणाला. "हेच हाय. मी इथं दिवे धरून उभा होतो."

"मंग घुमट हिकडून तिकडं काहून गेला?"

तिथं खोक्याचा कॅमेरा घेऊन एक फोटोवाला उभा होता. तो मघापासून पाहत होता. आम्ही त्याला गिऱ्हाईक वाटलो. "आओ भाभी, कमान के साथ फोटो निकालो," असं म्हणत त्यानं तिला कठड्यापाशी उभं केलं, मागं सरकला, आणि थांबला. "अरे भाभी, साड़ी तो पूरी उलटी बाँधी है आपने. पल्लू इस कंधे पे लो ना. फोटो में कैसा दिखेगा?"

कॉलेजच्या तीन मुली बाजूनं जात होत्या. त्यांनी वळून पाहिलं. एकजण फिस्सकन हसली आणि तिघी पुढं जाऊन पुन्हा वळल्या.

बायकोचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा न त्याले. तुमी तं रोज पाहता. बंबईच्या बाया असाच घेतात न?"

आता जे लिहितो ते लिहायला मला चाळीस-पन्नास वर्षं लागली. मी हसलो. फोटोवाल्याकडे पाहून, त्या मुलींना ऐकू जाईल असं बोललो, "अडाणी बाई हाय भाऊ, खेड्यातली. कितीदा सांगतलं हिले, आयकतच नाही."

कितीदा! एकदाही सांगितलं नव्हतं.

ती कठड्यापासून दूर झाली. "मले नाई काढाचा फोटो," एवढंच म्हणाली. तो फोटो निघाला नाही. तिचा तरुणपणाचा एकही फोटो घरात नाही. परवा भिंतीवर लावायला लागला तेव्हा रेशन कार्डावरचा मोठा करून आणला, त्यात ती साठीची आहे आणि डोळे अर्धे मिटलेले.

भाऊ हसत नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता, मग त्या घुमटाकडे, मग परत तिच्या पदराकडे. स्टुडिओत काम करणारा माणूस. कपड्याची पुढली बाजू, मागली बाजू त्याला शिकवावी लागत नव्हती.

"बाई," त्यानं हळूच विचारलं, "तंबूत तू बसतं कुठं?"

"मागं. पडद्याच्या मागं. आमची खास जागा हाय."

"कोणाची, तुमची?"

"आपल्या वस्तीच्या बायायची. यायनं घेऊन देल्ली."

भावानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट पाहत होतो की तो पाहील, शिव्या देईल. त्यानं माझ्या हातातली चण्याची पुडी घेतली, चणे तिच्या ओंजळीत ओतले आणि कागद उलगडला. रद्दीच्या पानावर काठी घेतलेल्या एका म्हाताऱ्याचं चित्र होतं. त्यानं तो कागद उन्हात धरला.

"काठी कोण्या हातात हाय?"

"ह्या," ती म्हणाली आणि आपला उजवा हात दाखवला.

त्यानं कागद फिरवला. उजेडात मागूनही चित्र दिसत होतं. "आता?"

चणे तिनं पदराच्या टोकात बांधले, कागद स्वतःच्या हातात घेतला, पुन्हा फिरवून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी तो कागद तिनं नीट चौघडी करून भावाला परत दिला.

"म्हणजे आमी सहा वर्षं पाठच पाह्यली," ती म्हणाली.

बोटीवाला "एलिफंटा, एलिफंटा" ओरडत होता.

मग ती आजूबाजूला पाहायला लागली, आडोसा शोधत. कठड्याच्या टोकाला एक कोळीण रिकामी पाटी घेऊन बसली होती. तिच्यापाशी जाऊन बायको काहीतरी बोलली. कोळीण उठली, अंगानं भरभक्कम बाई, कमरेवर हात ठेवून आडवी उभी राहिली आणि आमच्यावरच ओरडली, "ए, तिकडं तोंड करा रे! बाय साडी नेसतेय!" तो फोटोवालासुद्धा वळला. मीही पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. भाऊ माझ्या शेजारी होता.

"जवाईबापू," तो पाण्याकडे पाहतच म्हणाला, "असं कराले नव्हतं पाह्यजे."

मला तो जवाईबापू म्हणाला ते माझ्या कानफटात बसलं. अरे-तुरे केलं असतं तर बरं झालं असतं.

ती परत आली तेव्हा पदर डाव्या खांद्यावर होता. निऱ्या जरा वरखाली झालेल्या, पण बरोबर बाजूला. डोळे कोरडे होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोणं सांगतलं होतं? मालकानं?"

तिनंच मला वाट दिली. मला शोधावीही लागली नाही. तिच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं. आपला नवरा आपल्या मनानं असं करील हे तिला सुचलंच नाही. मी खाली पाहिलं आणि म्हटलं, "हाव. मालकानं."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुले वाईट वाटलं असतं."

मग तिनं माझ्या सदऱ्याच्या खांद्यावर चण्याचं फोलपट होतं ते झटकलं. "मंग तुमी तरी काय करसान," ती म्हणाली. "पोट हाय. एकट्यानं झुरत राह्यले इतके वर्षं."

त्या मुलींपुढं मी तिला अडाणी म्हटलं तेव्हा मला तितकी लाज वाटली नव्हती, जितकी या बोलण्यानं वाटली. ती माझी कीव करत होती. माझ्यावर झालाच नव्हता अशा जुलमाची. आणि मी ती घेत होतो. खरं सांगायचं तर घेताना सुखही वाटलं, अंगावर घोंगडी टाकावी तसं.

भाऊ तिथून चार पावलं पुढं जाऊन उभा राहिला. त्याचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, मला कधीच कळलं नाही. त्यानं नंतर कधी विचारलं नाही.

ती मात्र पुन्हा कामाला लागली. या वेळी तिला जागा एका मिनिटात सापडली. डोळे मिटून तिनं हात हवेत फिरवला, उजवीकडचं डावीकडं ठेवलं, डोळे उघडले आणि सरळ जाऊन कठड्यावर बसली. "हे पाहा! हा घुमट, ही कमान! इथंच बसते ते बाई!" पाच मिनिटं म्हणता म्हणता ती तासभर बसली. पदरातले चणे खाल्ले. भावाला सांगत होती, त्या बाईनं एवढी वाट काहून पाहिली, नवरा नाही आला तर जाऊ द्यायचं होतं खड्ड्यात. भाऊ म्हणाला, "मंग सिनेमा कसा चालंन वो?" मग म्हणाली, "आता बागेत परत चाला. तो बाक मले सरळ पाहू द्या." आणि आम्ही उन्हं कलताना पुन्हा टेकडी चढलो. ती दोघं पुढं, मी मागं. पुढून तिचं हसणं ऐकू येत होतं. मुंबईचा तो दिवस तिला सगळ्यात चांगला गेला असं ती पुढं सांगायची. खोटं नव्हतं ते. तिला खरंच चांगला गेला.

पुढचं लवकर सांगतो. गावी आल्यावर तिनं बायांना गोळा करून तो कागदाचा खेळ दाखवला. पंधरा दिवसांनी संध्याकाळी मी गेटावर होतो, मालक खुर्ची टाकून तिकिटं विकत बसला होता, आणि समोरून या आठ बाया आल्या. पुढं माझी बायको. सगळ्यांचे पदर डाव्या खांद्यावरून घेऊन कमरेला खोचलेले.

"आमाले समोरची तिकिटं द्या," ती मालकाला म्हणाली. "आमाले काहून मागं बसवून राह्यले तुमी? आमी माणसं नोहो काय?"

मालक गोंधळला. "मैंने कब बिठाया, बाई? मैंने तो कभी किसी को—"

"खोटं नका बोलू! यायनं मले समदं सांगतलं हाय."

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या अर्ध्या तिकिटांची गड्डी सरळ करत होतो. सरळच होती ती. तो माणूस मूर्ख नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं, मला ते दिसलं. एक शब्द बोलला असता तर माझा निकाल तिथंच लागला असता. त्यानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाला, "गलती हो गई, बाई. आगे बैठो." आणि आठ तिकिटं फाडून दिली.

त्या कनातीत जाऊन बसल्या. शेतवाल्यांच्या घरची एक बाई आपलं पोतं वीतभर सरकवून बसली. दुसरी म्हणाली, "सरका वो, मलेही दिसू द्या." बस. कोणी उठून गेलं नाही. एवढ्यासाठी मी सहा वर्षं तिला पाठ दाखवली होती.

मालकानं मला काढलं नाही. होळीला तंबू उतरेपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलला. पुढच्या साली मीच गेलो नाही. बायकोनं त्याचाही अर्थ लावला: मानासाठी नोकरी सोडली. वस्तीत ती गोष्ट झाली. सुना आल्या, त्यांना सांगितली गेली. मी कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही.

शेवटचे पंधरा दिवस ती यवतमाळच्या दवाखान्यात होती. शेजारच्या खाटेवर बाभुळगावकडची एक बाई होती, तिला ती मुंबईची गोष्ट सांगत होती. धाप लागायची, थांबायची, पुन्हा सांगायची. पदराचं, कागदाचं, कोळिणीचं. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "यायनं मनात ठेवलं होतं बिचाऱ्यानं. मले दुखू नाई म्हणून." ती बाई माझ्याकडे पाहून हात जोडल्यासारखं करायला लागली.

तेव्हा सांगायचं होतं. ती समोर होती, शुद्धीवर होती, आणि ऐकून घेतलं असतं तिनं. अडाणी असेल, पण ऐकून घ्यायची. मी तांब्या उचलला आणि पाणी आणतो म्हणून उठलो. तांब्या भरलेला होता. तो मी नळावर ओतून दिला आणि पुन्हा भरून आणला.